जिल्ह्यात पहिल्या, सामने शून्य

कयाधूकाठ
६ जुलै २०२५, सकाळी ११:२०

काल दशमी. साबुदाणा भिजत घालायचा राहून गेला आणि आज एकादशीला घरात सगळ्यांनी नुसती भगर खाल्ली. सासूबाई अजून बोलायल्यात. मी मात्र काल संध्याकाळी ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून उभी होते ती शेवटची शिट्टी वाजेपर्यंत. भारताच्या पोरी चियांग माईला थायलंडशी खेळत होत्या.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. २०२६चा महिला आशिया कप ऑस्ट्रेलियात आहे आणि त्याची ही पात्रता फेरी. गटातून एकच संघ पुढं जाणार. आपण मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० हरवलं, म्हणजे २२ मारले अन् एकही खाल्ला नाही. गंमत म्हणजे थायलंडचेही २२ आणि शून्यच. गुण सारखे, गोलफरक सारखा. त्यात थायलंड दोनदा वर्ल्ड कप खेळलेला संघ (२०१५ आणि २०१९), क्रमवारीत ४६वा. आपण ७०वे. मैदान त्यांचं, आरडाओरडा त्यांचा. २९व्या मिनिटाला संगीता बासफोरनं लांबूनच असा हाणला की मी डब्यावरून मोबाइल पाडला. दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच त्यांनी बरोबरी केली. मग ७४व्या मिनिटाला कॉर्नर, आणि परत संगीताच, यावेळी डोक्यानं. २-१.

आता माझं रडगाणं. मी क्रीडाशिक्षिका आहे. जिल्हा मुद्दाम लिहीत नाही, नावावरून कळेल त्याला कळेल. आमच्या शाळेत मुलींचा फुटबॉल संघ आहे, चौदा जणी. गेली तीन वर्षं सतरा वर्षांखालच्या गटात आम्ही जिल्ह्यात पहिल्या. प्रमाणपत्रं आहेत, शिक्का आहे, सही आहे. सामने किती खेळल्या? एकही नाही. दुसऱ्या शाळेचा संघच येत नाही. आम्ही जायचं, हजेरी लावायची, केळी खायची, गळ्यात पदक घालून फोटो काढायचा आणि थेट विभागाला. तिथं पहिल्या वर्षी ९-० नं मार खाल्ला, दुसऱ्या वर्षी ७-० नं. तिसऱ्या वर्षी गाडीचीच सोय झाली नाही, गेलोच नाही.

हरल्याचं मला काही नाही. पण ज्या पोरीचा आयुष्यातला पहिला खरा सामना विभागाचा असतो, ती पहिली पंधरा मिनिटं नुसती समोरच्या पोरींचे बूट बघत असते.

दोन गोष्टी हव्यात. एक, दीड-दोनशे किलोमीटरच्या आत कुणाकडं मुलींचा संघ असला तर सांगा, सराव सामना खेळू. दोन, पोरी विचारतात, "मॅडम, आपली इंडिया आधी कधी जिंकली होती का?" मला शेजारी देशांच्या सॅफ स्पर्धेच्या पलीकडं सांगता येत नाही. जाणकारांनी लिहा.

आमखास_जुना
६ जुलै, दुपारी २:०५

मॅडम, तुमच्या पोरींना सांगा की आपली इंडिया आशियात दोनदा दुसरी आली होती. खोटं नाही.

१९७५ साली महिला फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना निघाली. पुरुषांच्या महासंघाला तेव्हा बायकांच्या खेळाशी देणंघेणं नव्हतं. पुढं आशियाची स्पर्धा कालिकतला झाली. नोंदीत १९७९ची म्हणतात, प्रत्यक्षात खेळली गेली जानेवारी १९८० मध्ये. यजमान म्हणून भारतानं दोन संघ उतरवले, एक दक्षिण आणि एक उत्तर. दक्षिणेचा संघ फायनलला गेला आणि तैवानकडून २-० नं हरला. १९८१ ला हाँगकाँगला तिसरा क्रमांक. १९८३ ला बँकॉकला पुन्हा फायनल आणि तिथं थायलंडनं ३-० नं हरवलं. त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलमधली पहिली बाई.

म्हणजे कालचा हिशेब बेचाळीस वर्षांचा होता. त्यांच्याच देशात हरलो होतो, त्यांच्याच देशात फेडलं.

जरा विषयांतर करतो, म्हाताऱ्याला माफ करा. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आणि हैदराबाद म्हणजे फुटबॉलची पंढरी. रहीमसाहेब तिथलेच, सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण घेऊन आला. तिकडचा वारा आमच्या छावणीपर्यंत यायचा. वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून औरंगाबादच्या आमखास मैदानावर न्यायचे. अनवाणी खेळणारे, लुंगी खोचून खेळणारे, सगळे बघितले. पण त्या मैदानाच्या कडेनं बाईमाणूस चालत गेल्याचंही मला आठवत नाही. तोच वारा पोरींपर्यंत का नाही पोचला, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

तोंडाळ_लातूरकर
६ जुलै, दुपारी ३:३०

काका, आदर ठेवून बोलतो. दुसरे आलो तेव्हा खेळत कोण होतं? चीन नव्हता. चीन आला १९८६ ला आणि पुढं सलग सात वेळा तोच जिंकला. गल्लीत तीन दुकानं असताना दुसरा नंबर आला, त्याचं काय कौतिक?

आणि मंगोलियाला १३ मारले म्हणून नाचायलेत सगळे. याच थायलंडनं २०१९च्या वर्ल्ड कपात अमेरिकेकडून १३ खाल्ले होते. १३-० चा अर्थ एवढाच की समोर कुणी नव्हतं.

हिशेबी_परभणी
६ जुलै, रात्री ९:१५

लातूरकर, तुमचा अर्धा मुद्दा बरोबर आहे, पण उरलेला अर्धा तुम्ही सांगितला नाही. ज्या १९८६ ला चीन आला, त्याच १९८६ ला भारत गेलाच नाही. १९८९ ला नाही, १९९१ ला नाही, १९९३ ला नाही. आणि १९९१ची स्पर्धा साधी नव्हती, पहिल्या महिला वर्ल्ड कपची आशियातली पात्रता तीच होती. दोनदा उपविजेता ठरलेला संघ त्या दारापर्यंतसुद्धा गेला नाही. हरून मागं पडलो असतो तर गोष्ट वेगळी. आपण न खेळता मागं पडलो.

परिणाम बघा. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत चीननं आपल्याला १६-० नं हरवलं. आपला आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. बारा वर्षांनी, २०१० ला, कॉक्स बाजारला पहिली सॅफ स्पर्धा झाली आणि भूतानवर आपण १८ मारले. तो सगळ्यात मोठा विजय. एकाच संघाचे दोन टोकाचे आकडे. मला या दोन्हींत फारसं कौशल्य दिसत नाही. एका बाजूला बारा महिने खेळणारं कुणीतरी आणि दुसऱ्या बाजूला न खेळणारं, इतकंच दिसतं.

मॅडमचे ९-० आणि ७-० त्याच वहीत लिहायचे.

बीडचा_बाळू
६ जुलै, रात्री ९:४०

मधी फिफानं बॅन केलतं ना आपल्याला? २००९ ला?

हिशेबी_परभणी
६ जुलै, रात्री ९:५२

नाही भाऊ, दोन गोष्टींची गल्लत होतेय. बंदी आली ऑगस्ट २०२२ मध्ये. महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप म्हणून फिफानं निलंबित केलं, दहा-बारा दिवसांत उठवलं. पण तेवढ्या दिवसांत गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. न खेळता परत आल्या.

२००९ ला बंदी नव्हती. तेव्हा क्रमवारीतून नावच काढलं. कारण अठरा महिन्यांहून जास्त काळ भारताच्या महिला संघानं एकही अधिकृत सामना खेळला नव्हता.

बीडचा_बाळू
६ जुलै, रात्री १०:०१

म्हंजी कुणी हाकललं नाही, आपणच आलो नाही म्हणून हजेरीपटावरनं नाव कमी. बॅनपेक्षा बेक्कार हाय की हे.

कयाधूकाठ
७ जुलै, सकाळी ६:५०

बाळूभाऊ, ही ओळ मी आज परिपाठात वापरणार. तुमचं नाव सांगत नाही.

नेरुळवासी_जालनेकर
७ जुलै, सकाळी ९:३०

२०२२चं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गाव जालना, पोट नवी मुंबईत. त्या वर्षीचा आशिया कप आपल्याच महाराष्ट्रात होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात बालेवाडीला. यजमान म्हणून आपल्याला थेट जागा. माझ्या इमारतीच्या गच्चीवरून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात.

२० जानेवारीला इराणशी ०-०. जिंकायला हवा होता, पण चालेल म्हटलं. २३ तारखेला चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. मी पोराला घेऊन गच्चीवर गेलो, दिवे बघून खाली येऊन टीव्ही लावायचा असा बेत. तेवढ्यात मोबाइलवर बातमी. संघात कोरोना पसरला, तेरा खेळाडूही उभ्या राहीनात. सामना नाही. नियमाप्रमाणे स्पर्धेतूनच बाहेर. आणि जे झोंबलं ते पुढंच आहे: इराणशी केलेली बरोबरीही रद्द धरली. घरच्या स्पर्धेत भारताच्या नावावर एकही सामना उरला नाही. प्रशिक्षक थॉमस डेनर्बी होते, स्वीडनचे. त्यांनी महिनोन्‌महिने जी तयारी करून घेतली ती कागदावर शून्य.

६ फेब्रुवारीला फायनल तिथंच झाली, चीननं दक्षिण कोरियाला ३-२ नं हरवलं. मी गच्चीवर गेलो नाही.

किनवटची
७ जुलै, दुपारी १२:४५

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी किनवट भागातल्या तांड्यावरची, सध्या नांदेडला शिकते.

तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यात मणिपूर, बंगाल, ओडिशा येणार हे माहीत होतं. बेंबेम देवी, बाला देवी, मोठीच माणसं आहेत. पण आमच्या शेजारचं कुणी लिहीत नाही. सौम्या गुगुलोथ. निजामाबाद जिल्ह्यातली. आमचं किनवट ओलांडलं की तेलंगण. ती आमच्यातली आहे, बंजारा, तिकडं लंबाडा म्हणतात. क्रोएशियाला दिनामो झाग्रेबकडून खेळून आलेली आणि भारतीय संघात विंगला. मी तिचा फोटो याडीला (आईला) दाखवला तर याडी आधी तिचे पाय बघत राहिली आणि मग म्हणाली, ही आपल्या तांड्यातली वाटते.

निजामाबाद आणि आमच्यात पाऊस सारखा, माती सारखी, बोलीसुद्धा सारखी. मग तिकडं ती झाली आणि इकडं मी कबड्डीच्या राखीव खेळाडूवर का थांबले? मी आळशी नव्हते एवढं नक्की सांगते.

आमखास_जुना
७ जुलै, दुपारी १:३०

बेटा, चूक काही नाही, उलट या धाग्यातलं सगळ्यात कामाचं तूच लिहिलंस.

रंकाळ्याचा_वारा
७ जुलै, संध्याकाळी ५:१०

कोल्हापुरातून राम राम. तुमचं वाचून वाईट वाटलं ओ. आमच्यात पेठापेठांत तालमींचे संघ, सामन्याला गावजेवणागत गर्दी. पोरीबी खेळायला लागल्यात. फुटबॉल काय पुस्तकात शिकायचा खेळ न्हवं, कडेला उभं राहून शिवी हासडायला चार माणसं लागतात. आधी ती जमवा.

तोंडाळ_लातूरकर
७ जुलै, संध्याकाळी ५:२५

शिवी हासडायला माणसांची कमी मराठवाड्यात नाही दादा. मैदान कुठाय ते बोला.

धाराशिवकर
७ जुलै, रात्री ८:००

सगळ्यांना राग येईल, पण विचारतो. फुटबॉलच कशाला? आमच्या धाराशिवनं खो-खोत काय करून दाखवलंय बघा. सारिका काळे इथलीच. तिच्या कप्तानीत भारतानं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, २०२० ला अर्जुन पुरस्कार. खो-खोला काय लागतं? दोन खांब आणि काळी माती. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे तर नुसता पळून ऑलिम्पिकला गेला. फुटबॉलला बूट, स्टड, शिनगार्ड, जाळी, गवत. जे आपल्या मातीत येतं ते पेरावं. कापसाच्या रानात केशर लावून रडायचं कशाला?

कयाधूकाठ
७ जुलै, रात्री १०:३०

धाराशिवकर, राग नाही. मी स्वतः खो-खोची. माझा उजवा गुडघा त्याची साक्ष देतो.

पण मातीचं म्हणालात म्हणून सांगते. शालेय स्पर्धा ऑगस्टमध्ये असतात, ऐन पावसात. काळ्या मातीत दहा मिनिटं खेळलं की एकेक बूट दगडासारखा. पोरी चेंडूआधी पाय उचलायला शिकतात. मग विभागाला गेलं की तिथं हिरवळ, आणि आमच्या पोरी गरजेपेक्षा वीतभर जास्त पाय उचलत पळतात. बघणाऱ्यांना हसू येतं. मला एकदा आलं, मग नाही आलं.

फुटबॉल का, तर त्यांनी मागितला. एवढंच. पाचवीतल्या पोरींनी मुलांचा फुटका चेंडू काट्यातून काढून आणला आणि म्हणाल्या, मॅडम याला पंक्चर काढता येतंय का. मी काय, खो-खो खेळा म्हणून सांगायचं होतं?

हाफ पँटचं एक आजोबांनी काढलंच. त्यावर आम्ही आतून ट्रॅक पँट घालून मिटवलं. ऑगस्टच्या उकाड्यात दोन-दोन पँटी. सामना जर खरोखर झाला असता तर पोरी घामानंच हरल्या असत्या.

बालाघाट
८ जुलै, सकाळी ७:१५

मी बीड जिल्ह्यात आश्रमशाळेवर होतो, आता निवृत्त. एक गोष्ट कुणी मांडली नाही. स्पर्धेचं वेळापत्रक आणि ऊसतोडीचं वेळापत्रक. जिल्ह्याची स्पर्धा ऑगस्टला, तेव्हा पोरी गावात असतात. विभाग, राज्य होईस्तोवर दिवाळी येते. दिवाळी झाली की कोयता निघाला. आई-बापांबरोबर पोरगीही निघते, नाहीतर घरी धाकट्यांना सांभाळायला राहते. माझ्या संघातल्या पाच जणी एका वर्षी अशाच गेल्या. त्यातल्या दोघी परत शाळेत आल्या नाहीत, लग्न झालेलं. एक होती सेंटरला खेळायची. तिच्यासारखा पास देणारं पोरगं पुन्हा बघायला मिळालं नाही, आणि मी मुलांनाही शिकवलंय.

अकरा जणी एका वर्षी मिळतात. त्याच अकरा जणी दुसऱ्या वर्षी मिळत नाहीत. फुटबॉलला दुसरं वर्ष लागतं.

हिशेबी_परभणी
८ जुलै, सकाळी ८:४०

बालाघाट सरांचं शेवटचं वाक्य राष्ट्रीय संघालाही लागू आहे. आकडे देतो, कंटाळा आला तर पुढं जा.

सॅफ स्पर्धा आपण २०१०, २०१२, २०१४, २०१६, २०१९ अशी सलग पाच वेळा जिंकली. दक्षिण आशियाई स्पर्धेत २०१०, २०१६ आणि २०१९ ला सुवर्ण. शेजाऱ्यांत कुणी हात लावत नव्हतं. बाहेर मात्र वर्षाला चार-पाच सामने, कधी तेही नाहीत. मग २०२२ ला सॅफमध्ये बांगलादेशनं ३-० नं हरवलं आणि उपांत्य सामन्यात नेपाळनं १-० नं. २०२४ ला परत उपांत्य सामना, परत नेपाळ, यावेळी पेनल्टीवर. दोन्ही वेळा कप बांगलादेशला. आपण थांबलो तेव्हा शेजारचे थांबले नव्हते.

उलट जिथं खेळायला मिळालं तिथं फरक दिसतो. देशांतर्गत महिला लीग २०१६-१७ ला सुरू झाली. एप्रिल २०१९ ला ऑलिम्पिक पात्रतेत म्यानमारशी ३-३ बरोबरी, केवळ गोलफरकानं बाहेर. नोव्हेंबर २०२१ ला ब्राझीलमध्ये ब्राझीलशी सामना. हरलो ६-१ नं, पण तो एक मनीषा कल्याणनं मारला, पंजाबची पोरगी. पुढं ती सायप्रसच्या अपोलोनकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, पहिली भारतीय. बाला देवी २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्सला गेली. फेब्रुवारी २०२४ ला तुर्कस्तानात एस्टोनियाला ४-३ नं हरवलं.

मग चियांग माई. लातूरकर म्हणतात तसं मंगोलियाचं सोडून द्या. थायलंडचं सोडता येत नाही.

तोंडाळ_लातूरकर
८ जुलै, सकाळी ९:०५

थायलंडचं सोडतो कुठं. ते मानलं. पण सगळ्या वाहिन्या "पहिल्यांदाच आशिया कपला" म्हणून ओरडायलेत ते चूक ना? काकांनी वर दोन फायनल सांगितल्या.

हिशेबी_परभणी
८ जुलै, सकाळी ९:१२

चूकच. पात्रता फेरी खेळून, ती जिंकून, पहिल्यांदा. आधी थेट प्रवेश असायचा आणि २०२२ ला यजमान म्हणून जागा होती.

किनवटची
८ जुलै, दुपारी ४:००

@कयाधूकाठ मॅडम, आमच्या कॉलेजात नऊ जणी तयार आहेत. वय सतराच्या पुढं आहे, पण सराव सामन्याला चालेल ना? दोन जणी हँडबॉलच्या आहेत, त्या गोलकीपर होतील. बूट फक्त तिघींकडं.

कयाधूकाठ
८ जुलै, संध्याकाळी ७:२०

चालेल का म्हणून काय विचारतेस बाई, धावेल. बूट बाजूला ठेवू, सगळ्या अनवाणी खेळतील. तारीख व्यक्तिगत निरोपात ठरवू.

नेरुळवासी_जालनेकर
२९ जुलै, रात्री ८:३०

धागा वर आणतो. आज सिडनीत गट ठरले. आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. जपान म्हणजे २०११ ची विश्वविजेती. तैपेई बघून मला माझी गच्ची आठवली.

हिशेबी_परभणी
२९ जुलै, रात्री ९:१०

तिघांशीही २०२३ मध्ये खेळलोय आणि तिन्ही हरलोय. हांगझो आशियाई स्पर्धेत तैपेईकडून २-१ नं, ऑलिम्पिक पात्रतेत जपानकडून ७-० नं आणि व्हिएतनामकडून ३-१ नं. तैपेईचं तर कालिकतपासूनचं येणं बाकी आहे.

गणित असं: बारा संघ, तीन गट. गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तिघांतले चांगले दोन उपांत्यपूर्व फेरीत. तिथून २०२७च्या ब्राझील वर्ल्ड कपचा रस्ता सुरू होतो. जपान सोडा, बाकी दोघांपैकी एकाला हरवलं तरी दार उघडू शकतं.

तोंडाळ_लातूरकर
२९ जुलै, रात्री ९:१८

"शकतं" हा शब्द मला आवडत नाही.

आमखास_जुना
११ ऑगस्ट, सकाळी १०:००

काल वीस वर्षांखालच्या मुलींनी यांगूनला म्यानमारला १-० नं हरवलं आणि त्याही त्यांच्या आशिया कपला पात्र ठरल्या, जवळपास वीस वर्षांनी. मोठ्या संघाचं क्रमवारीत ७० वरून ६३ झालंय. मी पेपरची कात्रणं काढून ठेवतोय, मॅडमना पाठवीन. डोळे बरे असेतो.

धाराशिवकर
११ ऑगस्ट, दुपारी १:१५

ते सराव सामन्याचं काय झालं? की नुसतंच बोलणं?

किनवटची
११ ऑगस्ट, दुपारी ३:४०

झाला. पावसानं अर्ध्यात थांबला. तोवर ०-०. आमची हँडबॉलवाली दर वेळी चेंडू हातानं फेकून थेट त्यांच्या गोलपर्यंत पाठवत होती, तो नियमात बसतो का यावर वीस मिनिटं वाद. मॅडमच्या पोरींनी आम्हाला पिठलं-भाकरी खाऊ घातली. माझ्या पायात काटा मोडला, तो अजून आत आहे.

कयाधूकाठ
२१ ऑगस्ट, रात्री ९:५०

उद्या पोळा. गावात सगळे बैल धुवायच्या गडबडीत होते आणि आम्ही आज जिल्ह्याला गेलो होतो.

यंदा दुसरा संघ आला. कुठून आला, कुणी पाठवला, माहीत नाही. त्यांच्या शिक्षकांना विचारलं तर म्हणाले, जुलैत पोरींनी मोबाइलवर मॅच बघितली आणि डोकं खाल्लं. अकराच होत्या, राखीव एकही नाही. चौघींच्या अंगात मुलांच्या जर्सी, गुडघ्यापर्यंत आलेल्या.

पंच आधी गोंधळले. शिट्टी कुणाकडं आहे ते शोधण्यात वेळ गेला. मैदानाच्या एका कोपऱ्यात मागच्या सभेच्या मंडपाचे खड्डे तसेच, त्यात पाणी साचलेलं. चेंडू तिथं गेला की दोन्हीकडच्या पोरी कडेला उभ्या राहून तो तरंगताना बघायच्या.

हरलो. ४-१.

चार वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडं "जिल्हास्तर प्रथम" नाही. मुख्याध्यापकांना काय सांगायचं त्याचा विचार करतेय, त्यांना दर वर्षी त्या फोटोची सवय झालीय. पोरी जीपमध्ये रडल्या, मग भांडल्या, मग ऑफसाइड होता की नव्हता यावर अख्खा रस्ता. घरी पोचेस्तोवर त्यांचं ठरलंय की दिवाळीच्या आत त्या संघाला आपल्या गावात बोलवायचं. मी त्यांच्या सरांचा नंबर घेऊन ठेवलाय.

बालाघाट
२१ ऑगस्ट, रात्री १०:१५

दिवाळीच्या आत म्हणजे आतच. उशीर करू नका.

तोंडाळ_लातूरकर
२१ ऑगस्ट, रात्री १०:२०

४-१ वाईटच. बचावफळी झोपली होती का? आणि तो एक कुणी मारला?

कयाधूकाठ
२१ ऑगस्ट, रात्री १०:२४

लेफ्ट बॅकनं. मैदानाच्या मध्यापासून. ती म्हणते मुद्दाम मारला. मी समोर उभी होते, ती चेंडू बाहेर काढत होती.